रोजची डोकेदुखी, जबड्याचा सांधा आणि दंतवैद्य

म्हादई

पर्समध्ये गोळ्यांची पट्टी कायम बाळगणाऱ्या, दुपार झाली की कानशिलं धरून बसणाऱ्या बायका आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरोघर दिसतात. कुणी म्हणतं पित्त, कुणी म्हणतं सायनस, कुणी चष्म्याचा नंबर वाढला म्हणतं. यातल्या काहींचं दुखणं जबड्यातून येत असतं आणि ते ओळखण्याचं काम दंतवैद्य करू शकतो, हे अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हा धागा काढते आहे. मी डॉक्टर नाही, वाळपईजवळच्या एका मराठी शाळेत शिकवते. जाणकारांनी जरूर भर घालावी.

माझं डोकं सकाळी उठल्या उठल्याच दुखायचं. दोन्ही कानशिलं आवळल्यासारखी, उजव्या कानात दडा. अकराच्या सुमारास उतरायचं आणि परीक्षेचे पेपर तपासायला बसलं की पुन्हा चढायचं. चष्मा बदलून झाला, सायनसचा एक्स-रे स्वच्छ आला, पित्ताच्या गोळ्या झाल्या, कोकमाची कढी झाली. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी कान तपासून झाल्यावर कानापुढे बोट ठेवलं, तोंड उघडझाप करायला सांगितलं आणि म्हणाले, कानात काही नाही, जबडा दाखवून घ्या. दाढांना कीड नाही, हिरड्या ठीक, मग दंतवैद्याकडे कशाला, असं घरचे म्हणत होते. तरी बांबोळीच्या दंत महाविद्यालयात गेले. तिथे मुखरोग विभाग म्हणून स्वतंत्र विभाग आहे.

तपासणी कशी झाली ते नीट सांगते, कारण खरं महत्त्व तिलाच आहे. डॉक्टरांनी आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. कधी दुखतं, चावताना वाढतं का, रात्री झोप लागते का, घरी कुणी झोपेत दात खाल्ल्याचा आवाज ऐकलाय का, महिन्यात किती दिवस गोळी घेता. मग मध्येच म्हणाल्या, "आत्ता या क्षणी तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का?" टेकले होते. नुसते टेकलेले नाहीत, दाबलेले होते.

मग गालाची आतली बाजू आरशात दाखवली. दाढांच्या रेषेत एक पांढरी वळी उमटलेली होती, जिभेच्या कडेला दातांचे ठसे होते. पट्टीने पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं: तोंड किती उघडतं, उजवी-डावीकडे किती सरकतं. त्यानंतर दोन बोटांनी कानशिलावर, मग गालाच्या जाड स्नायूवर, मग कानापुढच्या सांध्यावर ठरावीक दाबाने दाबत गेल्या. प्रत्येक वेळी दोन प्रश्न. दुखतंय का? आणि दुखत असेल तर, तुमचं रोजचं दुखणं हेच का? उजव्या कानशिलावर बोट आलं आणि माझी ती रोजची डोकेदुखी, जशीच्या तशी, त्यांच्या बोटाखाली सुरू झाली. इतकी वर्षं कुणी त्या जागेला हात लावला नव्हता. मला त्या खुर्चीत रडू आलं.

त्यांनी सांगितलेलं थोडक्यात: कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला एक मोठा स्नायू आहे, तो जबडा वर ओढतो. दात दाबताना कानशिलावर बोटं ठेवा, फुगताना हाताला लागतो. दिवसभर आणि झोपेत दात आवळून धरले की तो थकतो आणि दुखू लागतो. दात, जबड्याचे स्नायू, सांधा, कपाळ आणि मेंदूवरचं आवरण, या सगळ्यांच्या वेदना मुख्यतः एकाच नसेतून, पाचव्या मज्जातंतूतून, मेंदूकडे जातात. त्यामुळे दुखणं नेमकं कुठून निघालं हे मेंदूला नीट कळत नाही. जबडा दुखतो आणि आपण म्हणतो डोकं दुखतंय, कान दुखतोय. उलटंही होतं.

उपचाराची सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी झाली. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला अलगद. हे दिवसभर आठवावं म्हणून मी फळ्याच्या चौकटीवर, मोबाइलच्या पाठीवर, स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर एकेक टिकली लावली. टिकली दिसली की तपासायचं, दात टेकलेत का? जेवण सोडलं तर दिवसभरात दात टेकायचं खरं तर फारसं कारणच नसतं. सोबत गरम पाण्याचा शेक. काही आठवडे मऊ खाणं: पेज, भात, खतखतं चालेल, कांकणं (बांगडीसारखे कडक पाव), जत्रेतलं खाजें, ऊस, कच्चा आंबा बंद. जांभई आली की जीभ टाळूला लावूनच द्यायची, म्हणजे तोंड मर्यादेत उघडतं.

यानंतरही सकाळचं दुखणं राहिलं, तेव्हा रात्री घालायचा स्प्लिंट करून दिला. दातांचं माप घेऊन वरच्या दातांवर बसणारी कडक अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पट्टी. घातल्यावर निळा कागद चावायला देऊन ठसे बघत बघत घासून सपाट केली, सगळे दात सारखे टेकेपर्यंत. त्यासाठी पुन्हा पुन्हा बोलावलं, आणि ते गरजेचं होतं. गोळ्या मात्र गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केल्या. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळीमुळेच रोज डोकं दुखू लागू शकतं, हे मला तिथे कळलं. दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना तर महिन्यातले १० दिवसही त्यासाठी पुरेसे असतात.

आता डोकं कधीमधी दुखतं, रोज नाही. तुमचे अनुभव लिहा. विशेषतः फिजिओथेरपीचे.

सूरपेटी

ताई, फार गरजेचा विषय काढलात. मी भजन गातो. कानापुढे कट असा आवाज कॉलेजपासून यायचा, दुखत काही नव्हतं. एका वर्षी वास्कोच्या दामोदर सप्ताहात रात्रभर पारात, म्हणजे भजनी मेळ्यात, गायलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. आवाजही बंद. ब्रश आत जाईना, आकार लावायचा तर प्रश्नच नाही. गाणं संपलं असंच वाटलं होतं.

दातांच्या सर्जननी सांगितलं की सांध्यातली कूर्चेची चकती पुढे सरकून अडकली आहे. आधी तोंड उघडताना ती कट करून जागेवर यायची, आता येत नव्हती, म्हणून आवाज थांबला. सांध्याचा एमआरआय काढला, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसतं, चकती दिसत नाही. हाताने जबडा ताणून दिला, घरी करायचे व्यायाम दिले, हळूहळू तोंड उघडायला लागलं. चकती जागेवर गेलेली नाही. तरी तीन बोटं उभी आत जातात आणि मी गातो आहे. ते म्हणाले होते, चकती परत जाणं आणि माणूस बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साळावली

वाचनखूण साठवली. माझ्या जावेला पाठवते आहे.

पाटो_पणजी

मला तातडीने सल्ला हवा आहे. बायकोला असाच त्रास आहे. एका खाजगी दवाखान्यात सांगितलं की चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, चुकीचा आहे, त्यामुळे डोकं दुखतं. मागच्या सगळ्या दाढा घासून कॅप घालून चावा उंच करायचा. खर्च काही लाखांत. दाढा चांगल्या आहेत, कीड नाही. पुढच्या आठवड्यात सुरू करायचं म्हणतात. करावं का?

दंतवैद्य_बार्देस

पाटो, आधी तुम्हाला: थांबा. निरोगी दाढा घासल्या की परत येत नाहीत. वेदनेसाठी म्हणून दात कायमचे बदलू नयेत, यावर आज या क्षेत्रातल्या बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. दुसरं मत घ्या, मग ठरवा. चांगला दवाखाना दुसऱ्या मताला कधीच हरकत घेत नाही.

हा "चावा उंच करा" विचार कुठून आला ते सांगतो, कारण आमच्या व्यवसायात तो अजून मुरलेला आहे. १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने ११ रुग्णांवरून लिहिलं की दाढा गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांधा मागे दबतो आणि त्यातून कान दुखतो, डोकं दुखतं. कान आणि जबडा यांच्या नात्याकडे त्याने लक्ष वेधलं हे मोठंच काम. पण नस दाबली जाते हे त्याचं शरीररचनेचं स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही. तोवर चावा उंच करण्याची, दात घासून जुळवण्याची पद्धत जगभर रुजली होती. पुढे ओपेरा नावाच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात निरोगी माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तेव्हा जबड्याचा हा दुखरा विकार कुणाला होणार हे सांगणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: झोप बिघडलेली असणं, शरीरात इतरत्र दुखणी असणं, मनावरचा ताण. जबड्याला झालेली इजाही त्यात येते.

म्हादईताईंच्या तपासणीत तो "रोजचं दुखणं हेच का" हा प्रश्न होता ना, तोच निदानाचा कणा आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निदानाच्या निकषांत तो आहे. स्नायूवर साधारण १ किलोचा दाब द्यायचा आणि ओळखीची वेदना उमटते का बघायचं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीत जबड्याच्या विकारामुळे होणाऱ्या डोकेदुखीची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे हे कुणा एका डॉक्टरचं मत नाही. मात्र नुसतं दाबल्यावर दुखलं एवढ्याने निदान होत नाही. चावताना, बोलताना, जांभई देताना डोकेदुखी बदलायला हवी.

उपचारांबद्दल. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या दीर्घकाळच्या दुखण्यावर मार्गदर्शक शिफारशी आल्या. जोरदार शिफारस कशाची? समजावून सांगणं आणि धीर देणं, घरचे व्यायाम, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, हाताने स्नायू मोकळे करणं, आणि विचार-वर्तन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारं समुपदेशन). जोरदार विरोध कशाला? चावा कायमचा बदलणाऱ्या उपकरणांना, चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला, वेदनाशामकांच्या जोडीने अफूजन्य गोळ्या देण्याला. आणि रात्री घालायच्या, काढता येणाऱ्या स्प्लिंटलाही सौम्य विरोध आहे. स्नायू ढिला करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनलाही. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की मी स्वतः स्प्लिंट देतो. दात झिजत असतील तर ते वाचवायला तो उपयोगी आहेच, काहींची सकाळची वेदनाही कमी होते. पण ताईंच्या डॉक्टरांनी जो क्रम ठेवला, आधी सवय आणि शेक, नंतर स्प्लिंट, तोच योग्य. पहिल्याच भेटीत माप घेऊन पट्टी हातात दिली आणि समजावलं काहीच नाही, तर रुग्णाचं नुकसान होतं. अर्ध्याच दातांवर बसणारी पट्टी महिनोन् महिने वापरू नका, दात सरकतात.

सूरपेटी, तुमच्या सर्जननी बरोबर सांगितलं. आणि इतरांसाठी: नुसता कट-कट आवाज, दुखणं नाही, तोंड अडकत नाही, तर उपचार लागत नाही. आवाज घालवायच्या मागे लागू नका.

कुळागर

दंतवैद्यसाहेब, एक गोष्ट या धाग्यावर ठळक यायलाच हवी. माझी आई सत्तरी ओलांडलेली. आयुष्यात डोकेदुखी नव्हती. अचानक कानशील दुखायला लागलं, भाकरी चावताना दोन घासांत जबडा थकायचा, थांबली की बरं वाटायचं. केस विंचरताना डोक्याची कातडी दुखायची. आम्ही दाढेचं समजून दंतवैद्याकडे नेलं. त्या तरुण मुलीने तोंड बघितलं, आईचं वय विचारलं, नजर धूसर होते का विचारलं, आणि दाढेला हातही न लावता चिठ्ठी लिहून त्याच दिवशी गोमेकॉत पाठवलं. रक्ताचा ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) खूप वाढलेला होता. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज आली होती. लगेच स्टेरॉईड सुरू केलं. उशीर झाला असता तर दृष्टी कायमची गेली असती असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या मुलीचे उपकार आम्ही विसरणार नाही.

दंतवैद्य_बार्देस

कुळागर, लिहिलंत ते फार बरं केलंत. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी आणि चावताना जबडा थकणं, ही जोडी दिसली की स्प्लिंट वगैरे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठायचं. तसंच अचानक आलेली भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान ताठ, हातपाय किंवा चेहरा लुळा पडणं, बोलणं अडखळणं, हे दंतवैद्याचं काम नाही.

आणखी एक. विजेचा झटका बसावा तशी क्षणभराची कळ, चेहऱ्याला वारा लागला किंवा दात घासला की येणारी, ती नसेची कळ असते. तिच्यापायी चांगले दात उपटून घेतलेले रुग्ण मी पाहिलेत आणि कळ तशीच राहते. उपटण्याआधी मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा.

रायबंदरकर

मी थोडा वेगळा सूर लावतो. मला स्प्लिंटचा काडीचाही उपयोग झाला नाही. माझं डोकं एका बाजूने ठणकतं, उजेड सहन होत नाही, मळमळतं. शेवटी मायग्रेन निघालं आणि रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाने फरक पडला. त्यामुळे सगळ्या डोकेदुख्या जबड्यावर ढकलू नयेत एवढंच.

म्हादई

रायबंदरकर, पटलं. म्हणूनच तपासणीबद्दल मी एवढं लिहिलं. दाबल्यावर तीच वेदना येत नसेल तर डॉक्टरांनीच दुसरीकडे पाठवायला हवं. दोन्ही एकत्र असलेल्या बायकाही तिथल्या बाकावर भेटल्या, त्यांना औषधही चालू होतं आणि जबड्याचे व्यायामही.

मानेचे_मणके

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मडगावला. ताईंनी विचारलं म्हणून लिहिते. आमच्याकडे असे रुग्ण दंतवैद्यांकडून येतात, हल्ली जास्त. मान आणि जबडा वेगळे धरून चालत नाही. मानेच्या वरच्या मणक्यांच्या नसा आणि चेहऱ्याची नस यांचे निरोप मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी पोचतात.

घरी करण्यासारखा एक व्यायाम सांगते. आरशासमोर बसा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लावा आणि ते न सोडता तोंड हळू उघडा, हनुवटी सरळ रेषेत खाली येते का बघा. एका बाजूला वळत असेल तर तिथेच थांबून मिटा. पाच-सहा वेळा, दिवसातून काही वेळा, कळ येईपर्यंत ताणायचं नाही. गालाच्या स्नायूवर, दाढा आवळल्यावर जिथे गाठ फुगते तिथे, बोटांनी हलकं गोल मालिश. मोबाइल बघताना मान पुढे गेली की जबडा मागे ओढला जातो, म्हणून मोबाइल डोळ्यांसमोर आणा. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून बोलणं बंद.

जबडा नुकताच अडकला असेल, किंवा तोंड उघडं राहून मिटतच नसेल, तर हे काही करू नका, सरळ इस्पितळात जा. निखळलेला जबडा माहीतगार माणूस अंगठे दाढांपाशी ठेवून खाली दाबून मागे सरकवतो. घरच्यांनी हा प्रयोग करू नये.

हणजुणे

माझा सहा वर्षांचा मुलगा रात्री करकर दात खातो. सासूबाई म्हणतात जंत आहेत. त्यालाही पुढे हा त्रास होईल का?

दंतवैद्य_बार्देस

मुलांमध्ये हे फार दिसतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप थांबतं. जंतांचं औषध वयानुसार द्यायचं ते द्या, पण दात खाण्याचं कारण जंत असं धरून चालू नका. मूल तोंड उघडं टाकून घोरतं का, टॉन्सिल वाढलेत का, ते मात्र बघून घ्या. दुधाच्या दातांवर स्प्लिंट नको.

एक सगळ्यांसाठी, हा गोवा आहे म्हणून: सुपारी किंवा सुपारीची पुडी रोज चघळणाऱ्याचं तोंड कमी उघडायला लागलं, तिखट झोंबायला लागलं, गाल आतून पांढरट आणि कडक झाले, तर तो सांध्याचा विकार नसतो. सुपारीने गालाच्या आत तंतू धरतात आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. जबड्याचे व्यायाम करत बसू नका, सुपारी बंद करा आणि तोंड दाखवा.

पाटो_पणजी

बायकोला घेऊन बांबोळीला जाऊन आलो. दाढा घासायच्या नाहीत असं स्पष्ट सांगितलं. चावा जन्मभर असाच आहे आणि दुखणं दीड वर्षाचं, मग चावा कारण कसा, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. दुखणं सुरू झालं तेव्हा तिच्या वडिलांचं आजारपण चालू होतं, रात्ररात्र जागरण होतं. व्यायाम, शेक, झोपेचं वेळापत्रक आणि दुखण्याची रोजची नोंद लिहायला सांगितली आहे. महिन्याने परत बोलावलंय. दवाखान्याला नको म्हणून कळवलं. देव बरें करूं, सगळ्यांचं.

कुणी पहिल्यांदा जात असेल तर जुने एक्स-रे, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या. मनाच्या औषधांची नावं तर नक्की सांगा, काही गोळ्यांनी दात आवळणं वाढतं असं तिथे सांगितलं. स्वतःहून बंद मात्र करू नका.

एक राहिलं, ती पालथी झोपते. बदलायला हवं का?

मानेचे_मणके

हो, पालथं झोपणं सोडायला सांगा. मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते आणि जबड्यावर उशीचा दाब येतो. पाठीवर, किंवा कुशीवर झोपायचं असेल तर हात गालाखाली न घेता, खांदा आणि मान यांच्यातली जागा भरेल एवढी उशी. पहिले काही दिवस झोप मोडेल, पोटाशी एक उशी धरून कुशीवर झोपली की सवय लवकर लागते.